नखं काळी, टाचेला फोड: तुमचा बूट लहान नाही, सैल आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राजगड-तोरणा करून आल्यावर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, दोन्ही टाचांना फोड आले. दुकानदार म्हणतो एक नंबर मोठा घ्या. ग्रुपमधले म्हणतात घोट्याच्या वर येणारा वॉटरप्रूफ बूट घ्या, पैशाकडे बघू नका. जुलैत खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड ठरलाय, ऑक्टोबरात उत्तराखंड, आणि बजेट पाच हजार.

दुकानदाराचं आत्ता ऐकू नका. नख आणि टाच या दोन तक्रारी तुम्ही वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, पण मला ती एकच दिसते. बूट फक्त लांबीला कमी असता तर नखं काळी पडली असती, टाच सहसा वाचली असती. दोन्ही एकदम झालं म्हणजे टाच बुटात धरली जात नाहीये. चढताना ती वर-खाली होऊन घासते, तिथे फोड येतो. उतरताना सगळा पाय पुढे सरकतो आणि दर पावलाला अंगठा बुटाच्या नाकावर आपटतो. तोरण्यावरून वेल्ह्याला उतरताना अशी किती पावलं पडतात याचा हिशोब करा, नखाचं काय चुकलं? आता यावर एक नंबर वाढवलात तर लांबी साधारण साडेआठ मिलिमीटर वाढेल, पण त्याबरोबर घेरही वाढेल आणि टाच आणखी मोकळी होईल. म्हणजे फोड मोठा.

मी हे सांगतेय कारण ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे. आम्ही ट्रेक सुरू केले तेव्हा मुलींना पर्यायच नव्हता. हंटर शूज मिळायचे, लष्करी हिरव्या कॅनव्हासचे, खाली जाड रबर, घोट्यापर्यंत नाड्या. माझ्या मापाचे पुरुषांचे जोड मिळाले तर मिळाले, नाहीतर जो मोठा असेल तो घ्यायचा आणि पुढे कापूस कोंबायचा. (नाव हंटर. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, बुटाचं नाव मात्र टिकलं. आम्ही त्यातून फार तर करवंदांची शिकार केली.) कापूस ओला झाला की त्याचा गोळा व्हायचा आणि तो गोळा नेमका करंगळीखाली जाऊन बसायचा. तरी त्या बुटाचा एक गुण मला अजून आठवतो, तो पुढे पावसाच्या वेळी सांगते.

आधी पाय मोजा. संध्याकाळी मोजा, दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगतो आणि ट्रेकवर तर फुगतोच. भिंतीला टाच लावून वर्तमानपत्रावर उभ्या राहा, बसून नाही. पेन्सिल सरळ धरून सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. दोन्ही पाय मोजा, बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतो, बूट मोठ्या पायाचा घ्यायचा. आणि सगळ्यात लांब बोट म्हणजे अंगठाच असं धरून चालू नका. माझं अंगठ्याशेजारचं बोट लांब आहे. आमच्या आजीच्या मते अशी बाई नवऱ्यावर हुकूम चालवते. ते खरं-खोटं माझ्या नवऱ्याला विचारा, पण बुटात ते बोट आधी आपटतं हे नक्की.

मग ओला पाय कोरड्या शहाबादी लादीवर ठेवून उचला. मधला भाग कोरडा राहून पावलाची कमान दिसली तर ठीक. तुम्ही पाय सपाट आहेत असं लिहिलंय, तुमचा पूर्ण तळवा उमटेल. असा पाय वजन पडल्यावर जास्त पसरतो, म्हणून चवड्यापाशी रुंदी जास्त लागते. आपल्याकडे लहानपण अनवाणी नाहीतर चपलेत जातं, अनेकांचा चवडा रुंद आणि टाच त्या मानाने बारीक असते. लेडीज म्हणून जे बूट मिळतात ते बऱ्याचदा चवड्याला अरुंद असतात. तेव्हा पुरुषांच्या रॅककडे जायला लाजू नका. यूके नंबर बायका-पुरुषांचा एकच असतो, अमेरिकन नंबर वेगळा. या गोंधळात पडण्यापेक्षा बुटाच्या जिभेमागच्या चिठ्ठीवर सेंटिमीटर लिहिलेले असतात ते बघा. तेही कंपनीगणिक थोडे इकडे-तिकडे होतात, कारण प्रत्येकाचा फर्मा, म्हणजे बूट ज्या साच्यावर बेततात तो, वेगळा. म्हणून "मला सहा नंबर येतो" हे वाक्य चपलेच्या दुकानापुरतं ठेवा.

दुकानात जाताना ट्रेकचेच मोजे घालून जा. बूट हातात आला की आधी आतला इनसोल बाहेर काढा आणि त्याच्यावर उभ्या राहा. टाच मागच्या खोलगट भागात बसवा. पुढे बोटभर जागा उरली पाहिजे आणि चवडा कडेने बाहेर ओघळता कामा नये. ओघळला तर तो बूट तुमचा नाही, रंग कितीही आवडला तरी. मग इनसोल परत घालून, नाड्या सोडलेल्या असताना पाय पुढे ढकला, बोटं नाकाला टेकेपर्यंत. टाचेमागे एक बोट जेमतेम गेलं पाहिजे. दोन जात असतील तर सैल, एकही जात नसेल तर लहान.

आता नाडी बांधायची, पण त्याआधी टाच जमिनीवर दोनदा आपटा म्हणजे पाय मागे सरकून बसतो. हे कोणी करत नाही. सगळे उभ्या उभ्या पाय खुपसतात, नाडी ओढतात आणि "छान आहे" म्हणतात. दुकानातल्या गालिच्यावर सगळेच बूट छान असतात. जिना शोधा आणि उतरा. चढून काही कळत नाही, बूट उतरताना कळतो. जवळ व्हीलचेअरचा उतार असला तर त्यावरून खाली तोंड करून थांबा आणि जागच्या जागी पाय आपटा. अंगठा पुढे टेकला तर परत द्या. ऑनलाइन मागवलात तर टॅग न काढता घरात तासभर घाला, मग रात्री सोसायटीचा जिना वरपासून खालपर्यंत उतरा. वॉचमन बघेल, बघू दे.

"घालून घालून सैल होईल" यावर विश्वास ठेवू नका. ही समजूत आपल्याकडे कोल्हापुरीमुळे आली असावी. नवी कोल्हापुरी चावते, आपण तिला तेल पाजतो, आठवडाभर लंगडतो आणि मग ती पायाची होते, कारण ते कातडं आहे. आजच्या बहुतेक ट्रेकिंग बुटांचं कापड जाळीचं नाहीतर सिंथेटिक असतं, ते थोडं नरमतं पण पसरत नाही. लांबी तर कातड्याच्या बुटाचीही वाढत नाही. पहिल्या दिवशी जिथे चावतो, तिथेच तो शेवटपर्यंत चावणार.

तुमचा आत्ताचा बूट टाकून देण्याआधी एक करून बघा. नाडीच्या भोकांत सगळ्यात वर बहुधा एक जास्तीचं भोक असतं, थोडं मागच्या बाजूला. त्यात कोणी नाडी ओवत नाही. नाडी खालच्या भोकातून बाहेर आली की समोर न नेता त्याच बाजूच्या त्या जास्तीच्या भोकात बाहेरून आत घाला, म्हणजे एक छोटा फास तयार होईल. दुसऱ्या बाजूला तसंच. मग उजवं टोक डाव्या फासातून आणि डावं उजव्या फासातून काढून खाली-मागे ओढा, आणि गाठ मारा. टाच पकडल्यासारखी होते. चढताना ही पकड टाच घासणार नाही एवढीच ठेवा, माथ्यावर बसून पाणी प्यायलात की उतरायच्या आधी पुन्हा घट्ट करा. माझ्या ओळखीत निम्म्या लोकांची नखं एवढ्याने वाचली आहेत, नवा बूट न घेता.

आता तुमचा ग्रुप आणि त्यांचा वॉटरप्रूफ बूट. सह्याद्रीच्या पावसात पाणी कापडातून शिरण्याची वाट बघत नाही. ते गुडघ्यावरून ओघळत मोज्यातून वरून आत येतं, ओढा ओलांडताना तर बादलीने ओतल्यासारखं येतं. वॉटरप्रूफ बूट मग ते पाणी इमानदारीने आत धरून ठेवतो. दोन्ही पायांत एकेक तांब्या घेऊन चालल्यासारखं होतं आणि भिजून मऊ झालेल्या कातडीला फोड लवकर येतात. हंटरचा मला आठवणारा गुण तो हाच, पाणी आलं तसं जायचं. आज ते काम साधा जाळीचा, घोट्याखालचा बूट करतो. ॲक्शन कंपनीचे स्वस्त ट्रेकिंग शूज आमच्या पिढीच्या अर्ध्या सह्याद्रीने घातले ते काही दिखाव्यासाठी नाही. मऊ रबर, ओल्या कातळावर पकड.

ही पकड महत्त्वाची. आपला कातळ बेसॉल्टचा, पावसात त्यावर शेवाळाचा पातळ थर चढतो. त्यावर मऊ रबर चिकटतं आणि कडक रबर, खाचा कितीही खोल असल्या तरी, साबणासारखं सुटतं. मी एकदा चांगले महागडे परदेशी बूट घालून तुमच्या त्या खिरेश्वरच्याच वाटेवर, टोलार खिंडीच्या वर, रेलिंग लावलेल्या कातळावर, बसून उतरले आहे. मागून गावातला पोरगा प्लास्टिकच्या चपलेत शीळ घालत गेला. अंगठ्याचं नख सोलच्या रबरात रुतवून बघा, खूण उठून हळूहळू भरून आली तर रबर मऊ. असं रबर लवकर झिजतं हे मान्य, पण झिजलेला बूट परवडतो. उन्हाळ्यात घसाऱ्यावर, मुरमाच्या उतारावर मात्र खोल, एकमेकींपासून लांब असलेल्या खाचाच कामाला येतात.

घोट्याच्या उंचीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. उंच बूट पाय मुरगळण्यापासून वाचवतो यावर लोकांचा फार भरवसा, मी तो ठेवत नाही. उंच पायरीवर तो नडतो. काट्याकुट्यात, गवतात, फुरसं (विषारी साप) असलेल्या भागात त्याचा उपयोग आहे, पण तिथेही फुल पँट आणि पुढे काठी टेकत चालणं आधी.

तेव्हा एक बूट दोन्हीकडे चालवायचा हट्ट सोडा. पाच हजारांतले दीड-दोन हजार जाळीच्या घट्ट टाचेच्या बुटाला ठेवा, तो जुलैला. उरलेले ऑक्टोबरसाठी, तिथे घोट्यापर्यंतचा आणि वॉटरप्रूफ असलेला बरा, पहाटेची थंडी आणि जमल्यास बर्फ. आणि तो निघायच्या आधी किमान महिनाभर इथल्या डोंगरात घाला.

घाला म्हणजे घालाच, जपून ठेवू नका. मी हिमालयासाठी म्हणून घेतलेला एक जोड सहा वर्षं माळ्यावर, त्याच्याच खोक्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवला होता. नवाकोरा दिसत होता. म्हटलं आधी राजगडावर चालवून बघू. अळू दरवाजातून उतरून पुढच्या सोंडेवर आलो आणि उजव्या बुटाने मगरीसारखा आ वासला. अर्ध्या तासात डाव्याने. आतला फोम हाताने चुरला तर ओल्या शेवासारखा भुगा. बऱ्याच बुटांच्या सोलमधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि तो हवेतल्या ओलाव्याने आतून विरत जातो, घाला नाहीतर ठेवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर विचारूच नका. राहिलेला तोरणा मी चिकटपट्टी आणि पिशवीच्या बंदाने बांधलेल्या बुटांवर केला. तेव्हापासून जुना बूट काढला की आधी सोल दोन्ही हातांनी वाकवून बघते, आणि सॅकमध्ये तीन-चार मीटर नाडी असतेच. साध्या जाळीच्या बुटाला मी पहिल्याच आठवड्यात मोच्याकडून सोलभोवती नायलॉनच्या दोऱ्याची शिलाई मारून घेते. वॉटरप्रूफला मात्र आरी लावू देऊ नका, भोकांतून पाणी शिरेल.

मोजे सुती नकोत, एवढं बोलून पुढे जाते. आणि जोडवी! हे तुमच्या ग्रुपमधले पुरुष कधीच सांगणार नाहीत. जोडवी घालून बूट घातला की शेजारच्या बोटाला आतून घासतं आणि दुपारी बोट फुगलं की जोडवं निघतही नाही. घरी काढून ठेवा, नसेल काढायचं तर त्याच्यावर कागदी टेपचा एक वेढा द्या. टाचेलाही तोच टेप, फोड यायच्या आधी, कोरड्या पायाला. ट्रेकला निघायच्या दोन दिवस आधी नखं सरळ कापा. मुक्कामाला ओले बूट चुलीजवळ ठेवू नका, डिंक सुटतो. वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सकाळी पाय घालण्याआधी बूट उलटा करून झटका, विंचू असतो कधी कधी.

काळी नखं ओढून काढू नका, आपोआप सुटतील. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं. फार ठणकत असेल किंवा पू दिसला तर डॉक्टरांना दाखवा.

जुन्या बुटाच्या तळाचा फोटो टाका, दोन्ही पायांचा. टाच आतल्या बाजूने झिजली आहे की बाहेरच्या, ते बघून इनसोल बदलून भागेल का ते सांगते.