सरकारला आर्मी असताना टोळ्या कशाला लागतात? दारफूरबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफूर भागातल्या एल फाशर शहरावर एक पानी टिपण दिलं होतं. जवळजवळ दीड वर्ष वेढा घालून 26 ऑक्टोबर 2025 ला हे शहर आरएसएफ (रॅपिड सपोर्ट फोर्सेस) नावाच्या फौजेने, म्हणजे सरकारने पूर्वी पोसलेल्या जंजावीद नावाच्या हत्यारबंद टोळ्यांच्या नव्या अवताराने, घेतलं आणि मग तिथल्या लोकांची कत्तल झाली, एवढंच त्यात होतं. त्यावर प्रश्नांचा ढीग आला. बरेच एकसारखे होते म्हणून एकत्र केलेत, काहींची भाषा थोडी मऊ केलीय, रागावू नका.

ताई, तुम्ही लिहिलंय की आरएसएफ म्हणजे जुनेच जंजावीद. सरकारकडे आर्मी, विमानं, पोलीस सगळं असताना असल्या घोडेस्वार टोळ्या पोसायची गरज काय पडली? (एक वाचक, सांगली)

दादा, कारणं दोन, एक उघड आणि एक लबाडीचं.

उघड कारण असं की एप्रिल 2003 मध्ये दारफूरच्या बंडखोरांनी, म्हणजे मुख्यतः फुर, झगावा आणि मसालीत या जमातींच्या संघटनांनी, एल फाशरच्या विमानतळावर हल्ला करून उभी विमानं जाळली, सरकारची चांगलीच नाचक्की झाली. खार्टूमची, म्हणजे राजधानीतल्या सरकारची, आर्मी तेव्हा दक्षिणेतल्या जुन्या युद्धात अडकलेली, आणि शिवाय आर्मीतले कितीतरी शिपाई दारफूरचेच, त्यांना तुमच्याच गावावर गोळ्या घाला म्हटलं तर ते घालतील याचा भरवसा नाही. मग राष्ट्राध्यक्ष ओमर अल बशीरच्या सरकारने उंट पाळणाऱ्या अरब टोळ्यांतली पोरं गोळा केली, बंदुका दिल्या, गणवेश दिले, मुसा हिलाल नावाचा टोळीप्रमुख कैदेत होता त्याला सोडून कामाला लावलं.

लबाडीचं कारण म्हणजे हात वर करायची सोय. जग ओरडायला लागलं की खार्टूम म्हणणार, अहो ही तर टोळ्यांची आपसातली भांडणं, पाण्यावरून चराईवरून होतच असतात, आम्ही काय करणार. पण आता हल्ला कसा व्हायचा ते बघा. पहाटे अँतोनोव्ह विमान यायचं, हे मुळात मालवाहू विमान, त्याच्या मागच्या दारातून स्फोटकं आणि भंगार लोखंड भरलेली पिंपं खाली ढकलायचे, नेम वगैरे काही नाही, पडेल तिथे पडेल. लोक घराबाहेर पळाले की आर्मीच्या गाड्या आणि घोड्या-उंटांवरचे जंजावीद एकदमच गावात शिरायचे. घोड्यावरच्या टोळीकडे विमान कुठून आलं हा प्रश्न कोणीतरी खार्टूमला विचारायला हवा होता, विचारलाही, उत्तर आलं नाही.

आणि गावात शिरून काय करायचे? पुरुष आणि मोठी पोरं मारायची, बायकांवर बलात्कार, गुरं हाकलून न्यायची, धान्याची कोठारं जाळायची, विहिरीत मेलेली जनावरं टाकायची, फळझाडंसुद्धा तोडायची, त्यात आंब्याची पण होती. मला हे आंब्याचं वाचल्यावर सगळं कळलं. ज्याला फक्त बंडखोर मारायचेत तो आंबे तोडत बसत नाही, आंबे तोडतो तो ज्याला त्या घरातलं कोणी परत यायला नको असतं.

म्हणून "दोघांच्या भांडणात सामान्य माणूस भरडला गेला" असं जे आपण सर्रास लिहितो ते इथे चालत नाही. या टोळ्यांची खरी मजुरी लूट हीच होती, सामान्य माणसाची गुरं आणि जमीन हाच तर त्यांचा पगार. यूएनच्या अंदाजाने उपासमार आणि रोगराई धरून 3 लाख माणसं मेली, 25 लाखांच्या वर बेघर झाली. सरकार म्हणत राहिलं 10 हजार मेले.

पुढे 2013 मध्ये याच टोळ्यांना गुप्तचर खात्याखाली घेऊन आरएसएफ असं झकास नाव दिलं, 2017 मध्ये कायदा करून त्यांना रीतसर केलं, म्हणजे टोळीचं सरकारी खातंच झालं. प्रमुख हेमेद्ती, मूळचा उंटांचा व्यापारी. त्याने जबल आमिरच्या सोन्याच्या खाणी ताब्यात घेतल्या, येमेनच्या युद्धात पैसे घेऊन माणसं पाठवली, आणि एप्रिल 2019 मध्ये बशीरला खुर्चीवरून काढणाऱ्यांत हा पण होता. नंतर 15 एप्रिल 2023 ला तो आर्मीशीच भिडला, ते युद्ध म्हणजे सध्याचं. भस्मासुर म्हणायचा मोह होतो, पण शंकराने भोळेपणाने वर दिला होता, खार्टूमने हिशेब करून दिला.

तिकडे मारणारे पण मुसलमान आणि मरणारे पण मुसलमान, रंगानेही सगळे सारखेच दिसतात, मग वंशसंहार कसला? (नाशिक, आणि याच अर्थाचे बरेच मेसेज)

दारफूर जवळजवळ सगळंच मुसलमान आहे हे बरोबर. अरब आणि बिगर-अरब ही रेघ मुळात धंद्याची जास्त होती, उंटवाला आणि शेतकरी. आपल्याकडे घाटावर धनगर मेंढ्या शेतात बसवतो, शेतकऱ्याला खत मिळतं धनगराला धान्य, तसंच तिकडे पीक निघाल्यावर उंटांचे तांडे ठरलेल्या वाटांनी दक्षिणेला उतरायचे. कुरबुरी व्हायच्या, जाणती माणसं बसून मिटवायची. मग 1983 ते 85 चा भयंकर दुष्काळ आला, वाळवंट खाली सरकलं, आणि उत्तरेच्या उंटवाल्यांकडे तर स्वतःची पिढीजात जमीनच नव्हती. त्यातच शेजारच्या चाडमधल्या आणि लिबियाच्या लढायांतून बंदुका स्वस्त झाल्या. तरीही भांडण भांडणच राहिलं असतं. सरकारने एका बाजूला विमान दिलं तिथे ते बदललं.

सगळे अरब यात होते असं मात्र समजू नका. दक्षिण दारफूरच्या रिझैगात जमातीचे प्रमुख सईद मादिबो सुरुवातीच्या काळात या भरतीपासून लांब राहिले होते.

आणि वंश कुठला हे मारणारे स्वतःच सांगतात. जून 2023 मध्ये पश्चिम दारफूरच्या एल जेनैना शहरात नाक्यानाक्यावर "जमात कुठली" विचारत होते, मसालीत म्हटलं की संपलं. तिथले गव्हर्नर खमीस अबकर यांनी टीव्हीवर याला वंशसंहार म्हटलं आणि काही तासांतच त्यांचा खून झाला. यूएनच्या तज्ज्ञ समितीने त्या एका शहरातल्या मृतांचा आकडा 10 ते 15 हजार दिलाय. चाडची सरहद्द तिथून जेमतेम 30 किलोमीटर, त्या रस्त्यावरही लोकांना गाठून गाठून मारलं.

आमचे आजोबा रझाकारांच्या गोष्टी सांगायचे. हे तसंच म्हणायचं का? (परभणी)

थोडं तसं, थोडं नाही. हत्यारबंद स्वयंसेवक गावांत शिरतात आणि राज्यकर्ता म्हणतो मला काय माहीत, एवढं जुळतं, 1947-48 मध्ये कासिम रझवीची माणसं मराठवाड्यात हेच करत होती. पण निजामाने गावांवर विमानातून पिंपं टाकली नाहीत, आणि ते प्रकरण सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शनने संपलं, दारफूर वीस वर्षांनंतरही जळतंय. आता विषय काढलाच आहे तर आजोबांच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग पण सांगते, कारण तो सहसा कोणी सांगत नाही. पोलीस ॲक्शननंतर जो सूड उगवला गेला त्यात किमान 27 ते 40 हजार माणसं गेली असा सुंदरलाल समितीचा अंदाज आहे, बहुतेक मुसलमान, आणि त्यातल्या कितीतरी जणांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता.

बातम्यांत "महिलांवर अत्याचार" एवढंच येतं आणि पुढची बातमी सुरू होते. नेमकं काय होत होतं? (एक वाचक भगिनी, रत्नागिरी)

एकच गोष्ट सांगते, सरपणाची. दारफूरमधल्या न्याला शहराजवळ कालमा नावाचा बेघर झालेल्यांचा मोठा कॅम्प आहे, तिथे आणि बाकीच्या कॅम्पांत धान्य मदतीतून मिळायचं, पण शिजवायला लाकूड लागतं ना, ते आणायला कॅम्पबाहेर लांब लांब जावं लागायचं आणि बाहेर जंजावीद फिरत असायचे. मग घरात हिशेब व्हायचा, पुरुष गेला तर जीव जाईल, बाई गेली तर बलात्कार होईल पण बहुतेक जिवंत परत येईल, म्हणून बाई जायची. रोज. हा हिशेब तिथल्या बायकांनी स्वतः मदत संस्थांना सांगितलाय. आफ्रिकन युनियनच्या सैनिकांनी काही ठिकाणी सरपणाला जाणाऱ्या बायकांसोबत गस्त घालायला सुरुवात केली, त्याने थोडा फरक पडला.

आणि परत आल्यावर? उपचाराआधी पोलिसांचा फॉर्म 8 आणा म्हणायचे. पोलीस म्हणजे सरकार, सरकार म्हणजे ज्याने त्या माणसांना बंदुका दिल्या ते. त्यात बलात्कार सिद्ध झाला नाही तर बाईवरच व्यभिचाराचा खटला चालायची भीती. किती जणी फॉर्म आणायला गेल्या असतील तुम्हीच विचार करा.

एल फाशरच्या वेढ्यात लोक जगले कसे, खात काय होते?

अंबाझ. म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढल्यावर जी पेंड उरते ना, जी आपण म्हशीला घालतो, ती. शहरातली अन्नछत्रं तिथलीच तरुण मुलं चालवत होती, धान्य संपलं तेव्हा ती ही पेंड शिजवून वाढायची, पुढे पुढे ती पण मिळेना. शेजारच्या झमझम कॅम्पमध्ये ऑगस्ट 2024 मध्येच दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला होता आणि एप्रिल 2025 मध्ये आरएसएफने तो कॅम्पच उद्ध्वस्त केला. शेवटी शेवटी शहराभोवती मातीचा उंच बांध घातला, उपग्रहाच्या फोटोंत तो स्पष्ट दिसतो, म्हणजे पोतंभर ज्वारी आत येऊ नये आणि माणूस बाहेर जाऊ नये. शहर पडल्यावर तिथल्या सौदी हॉस्पिटलमध्ये 460 हून जास्त पेशंट आणि त्यांच्या सोबतची माणसं मारल्याचं डब्ल्यूएचओने सांगितलं. जे तावीला गावाच्या दिशेने पायी निघाले, साधारण 60 किलोमीटर, त्यांना वाटेत अडवून फोनवरून नातेवाईकांकडे खंडणी मागितली. मारणाऱ्यांनी स्वतःच व्हिडिओ काढून नेटवर टाकलेत, पुरावा शोधायची पण गरज नाही.

कोणाला शिक्षा झाली की नाही? (कोल्हापूर)

एकाला. अली कुशैब. हा आधी आर्मीच्या वैद्यकीय विभागात होता, निवृत्त झाल्यावर गारसिलाच्या बाजारात औषधांचं दुकान चालवायचा, म्हणजे आपल्याकडचा मेडिकलवाला म्हणा. 2003-04 मध्ये जंजावीदांचा म्होरक्या झाला. देलैज गावात पकडलेल्या पुरुषांना उघड्यावर पालथं झोपवलं होतं आणि हा त्यांच्या पाठींवरून चालत काठीने मारत होता, मग त्यांना गाड्यांत भरून गावाबाहेर नेऊन मारलं. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टाचं वॉरंट 2007 चं, तो शरण आला 2020 मध्ये, ट्रायल सुरू 2022 ला. कोर्टात म्हणाला मी तो नव्हेच. 6 ऑक्टोबर 2025 ला 27 आरोपांत दोषी ठरला आणि डिसेंबरमध्ये 20 वर्षं मिळाली. त्याच्या निकालानंतर बरोबर 20 दिवसांनी एल फाशर पडलं, त्याच टोळ्यांच्या वारसांकडून.

बशीरवर 2009 मध्ये युद्धगुन्ह्यांचं आणि 2010 मध्ये वंशसंहाराचं वॉरंट निघालं. तो सुदानमध्येच आहे, हेगला कोणी पाठवलेला नाही. काहींनी विचारलंय की वंशसंहार हे सगळ्यांना मान्य आहे का, तर नाही. अमेरिकेने 2004 मध्ये तसं म्हटलं, जानेवारी 2005 मध्ये यूएनच्या चौकशी आयोगाने म्हटलं की सरकारचं वंशसंहाराचं धोरण सिद्ध होत नाही, पण झालेले गुन्हे त्याहून कमी गंभीर नाहीत. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने आरएसएफच्या बाबतीत पुन्हा तो शब्द वापरला.

भारताचा यात काय संबंध? उगाच जगाची उठाठेव कशाला? (ठाणे)

साहेब, 2003 मध्ये दारफूर पेटलं त्याच वर्षी आपल्या ओएनजीसी विदेशने सुदानच्या मोठ्या तेल प्रकल्पात 25 टक्के हिस्सा घेतला. तेल दारफूरचं नव्हतं, पण तेलाचा पैसा खार्टूमच्याच तिजोरीत जायचा. ऑक्टोबर 2015 मध्ये बशीर वॉरंट डोक्यावर घेऊन दिल्लीच्या भारत-आफ्रिका परिषदेला आला, पाहुणचार घेऊन परत गेला, कारण भारत त्या कोर्टाचा सदस्य नाही, कायद्याने बंधन नव्हतं. आणि 2023 मध्ये ऑपरेशन कावेरीत 3,862 भारतीयांना तिथून बाहेर काढलं तेव्हा काही विमानं मुंबईत उतरली होती. उठाठेव म्हणायची तर म्हणा.

आमच्या सोसायटीत दोन सुदानी मुलं भाड्याने राहतात, कॉलेजला आहेत. त्यांना याबद्दल विचारलेलं चालेल का? (पुणे)

काकू, लिफ्टमध्ये नका विचारू. सुदानी म्हणजे दारफूरचाच असं नसतं, एखादा खार्टूमचा असेल, एखादा दारफूरचा, दोघं एकाच फ्लॅटमध्ये राहूनही या विषयावर बोलत नसतील, आणि एखाद्याचा भाऊ कुठल्या बाजूने लढतोय हे आपल्याला माहीत नसतं. घरी चहाला बोलवा, घरची माणसं कुठे आहेत एवढंच विचारा, पुढचं त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील. त्यापेक्षा महत्त्वाचं, सोसायटीच्या मीटिंगला भाड्याचा विषय निघाला तर तुम्ही बोला. युद्ध सुरू झाल्यापासून तिथल्या बँकांचं काही खरं नाही, घरून पैसे येणं अवघड, नवा पासपोर्ट काढणंही सोपं राहिलेलं नाही. भाडं दोन महिने उशिरा आलं तर थांबायला घरमालकाला सांगा, आणि कागदपत्रं अडली तर एकट्याने चकरा मारायला लावू नका, सोसायटीतलं कोणीतरी जाणतं माणूस सोबत द्या.