जुनं सॉफ्टवेअर सुटं करायचं काम मिळालंय, नोकरी बदलावी का?

प्रश्न: मुलगी दोन वर्षांपासून पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सध्या कंपनीच्या जुन्या, अवाढव्य सॉफ्टवेअरची सुटी पॅकेजेस करण्याच्या कामावर तिला घातलंय. मैत्रिणी एआयवर काम करतात. ही म्हणते, "बाबा, दिवसभर राबून स्क्रीनवर नवीन काहीच दिसत नाही." तिने नोकरी बदलावी का?
– एक पालक, सांगली

उत्तर: राजीनाम्याची घाई नको. आधी तिला एवढंच विचारा: कोणता भाग कुठे तोडायचा, बाहेरच्यांना काय वापरू द्यायचं आणि काय आत झाकायचं, हे ठरवताना तिचं मत घेतात का? की कुणीतरी दिलेल्या यादीबरहुकूम ती फायली हलवते? नुसती हलवाहलवी असेल तर तिने टीम बदलून मागावी आणि नाहीच मिळाली तर खुशाल दुसरीकडे बघावं.

ठरवण्यात तिचा हात असेल तर मात्र मी तिला थांबायला सांगेन. नवीन काही न दिसणं हा या कामाचा स्वभावच आहे. लिनक्स या संगणकप्रणालीवर स्क्रीनवरच्या खिडक्या दाखवणारी 'एक्स विंडो' प्रणाली घ्या. २१ डिसेंबर २००५ रोजी तिच्या ६.९ आणि ७.० अशा दोन आवृत्त्या एकदमच आल्या. कोड तोच, ६.९ एकसंध, ७.० सुट्या पॅकेजेसची. वापरणाऱ्याला फरक जवळपास शून्य. पण एका ड्रायव्हरमधल्या (संगणकाचा एखादा यंत्रभाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्राममधल्या) दुरुस्तीसाठी अख्ख्या प्रणालीची पुढची आवृत्ती येईपर्यंत थांबायची गरज उरली नाही.

तोडणं एक वेळ जमतं. इंटरफेस, म्हणजे भागांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, सांभाळणं जास्त कठीण. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आतले इंटरफेस बिनदिक्कत बदलतात, कर्नलबाहेर ड्रायव्हर ठेवणारे त्यावर कुरकुरतातही. पण लोकांचे चालू प्रोग्राम बंद पाडणारा बदल लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स खपवून घेत नाहीत. कुठे हट्ट धरायचा आणि कुठे मोकळीक द्यायची, ही समज नवं फ्रेमवर्क शिकून येत नाही. त्यात डॉक्युमेंटेशनमध्ये नसलेल्या एखाद्या विचित्र वागणुकीवरही कुणीतरी विसंबून असतंच, आणि ते कळतं रिलीज झाल्यावर!

वाचायला सांगायचं तर संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांचा १९७२चा निबंध. कामाच्या पायऱ्यांप्रमाणे मॉड्यूल (सॉफ्टवेअरचे सुटे भाग) पाडू नका, जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एकेका मॉड्यूलमध्ये लपवा, असं त्यांनी तेव्हाच उदाहरणासह मांडलंय. शिवाय २.४.१ सारख्या आवृत्तीतला कोणता आकडा कधी वाढवायचा, याची शिस्त तिने अंगी बाणवावी. मोडतोड करणारा बदल असेल तर पहिलाच आकडा वाढला पाहिजे, मॅनेजर काहीही म्हणो.

एआयचं म्हणाल तर ते संध्याकाळी शिकता येईल. बायोडेटात मात्र 'मॉड्युलरायझेशन केलं' एवढ्यावर भागवू नये. बिल्डचा (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार होण्याचा) वेळ कितीवरून कितीवर आला, एकमेकांत अडकलेली कोणती पॅकेजेस सोडवली, जुना इंटरफेस किती महिने चालू ठेवून बंद केला, हे लिहावं. या नोंदी आजपासूनच ठेवायला सांगा. नोकरी सोडल्यावर ते आकडे तिला कुणी काढून देणार नाही.