चाचीच्या मिठापाशी आप्पा का उठतात?

‘ताई, माझे सासरे, आप्पा, ८६ वर्षांचे आहेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवं कॉफी शॉप झालंय. रोज सकाळी अकराला तिथं जाऊन बसतात. १६० रुपयांची कॉफी घेतात आणि अर्धी तशीच ठेवून येतात. महिन्याचे जवळजवळ पाच हजार होतात. घरी करून दिली तर नको म्हणतात. काउंटरवरच्या पोराला रझाकाराच्या वेळचे हाल सांगत बसतात : मीठ मिळत नव्हतं, रातोरात बैलगाडी जुंपून बार्शीकडं पळालो, अळणी भाकरी खाल्ली. आम्हाला ते सगळं पाठ आहे. शेजारच्या पिंजाऱ्याच्या चाचीनं मीठ दिलं, इथवर आले की उठून घरी येतात. त्यात तो पोरगा मुसलमान, त्याला काय वाटत असेल? ह्यांची रोज चिडचिड होते. आप्पांना कसं आवरू?
– एक सून, लातूर’

सूनबाई, पैशाचा हिशेब तू चोख लिहिलास. चाचीला मात्र एकच ओळ दिलीस, तीही तक्रारीच्या ओघात.

सगळं पाठ आहे म्हणतेस ना? मग सांग, त्या चाचीचं पुढं काय झालं?

तुला ठाऊक नाही. तुझ्या नवऱ्यालाही ठाऊक नसणार. आप्पा तिथंच थांबतात, आणि इतक्या वर्षांत तुमच्यापैकी एकानंही ‘मग?’ असं विचारलेलं नाही. मला तुझा राग आला तो इथं. पाच हजारांचं सोड.

१९४८ साली आपला सगळा मराठवाडा निजामाच्या राज्यात. त्या राज्याला समुद्र नाही, मीठ यायचं ते बाहेरून. भारताशी ताणलं गेलं, कोंडी झाली आणि मीठ दुकानांतून गेलं. गावोगाव रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांची दहशत. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी तुझ्या लातुरातलाच वकील. बार्शी तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे हद्दीपलीकडं, म्हणून लोक तिकडं पळत होते. आप्पा आठ वर्षांचे. अशा दिवसांत शेजारची मुसलमान बाई स्वतःच्या घरातलं मीठ पदराला बांधून, रझाकारांची नजर चुकवून आणून देते. मूठभरही नसेल. चार खडे असतील. ते पोर ८६ वर्षांचं झालं, तरी त्याच्या जिभेवरून ते गेलेलं नाही.

१३ सप्टेंबरला भारताची फौज शिरली, त्यालाच पोलीस ॲक्शन म्हणतात. १७ ला निजाम शरण आला. त्या दिवशी आपण झेंडा लावतो. लावायलाच हवा, माणसं त्यासाठी जिवानिशी गेलीत. पण त्यानंतरचे आठवडे आपल्या घरांत कुणी बोलत नाही. सूड निघाला. रझाकारांशी ज्यांचं काही देणंघेणं नव्हतं, अशा मुसलमान घरांवरही निघाला. पंडित सुंदरलालांच्या समितीला सरकारनंच चौकशीला पाठवलं होतं. त्या समितीनं मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सगळ्यांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता, नांदेड होता. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

आप्पांची बैलगाडी बार्शीहून परत आली, तेव्हा पिंजाऱ्याच्या दाराला काय होतं? चाची सुखरूप असेलही. कुणी तिला कणगीआड लपवलं असेल, कदाचित आप्पांच्या वडिलांनीच. किंवा त्याच वडिलांनी दाराला आतून कडी घातली असेल. खाल्ल्या मिठाला जागणं, असं आपण सहज बोलून जातो. आप्पांनी ते मीठ खरंच खाल्लंय गं.

आता त्या पोराचं. तो मुसलमान आहे म्हणून तुला अवघडल्यासारखं होतं. मला वाटतं, आप्पांनी त्याला निवडलाय. त्यांना जे सांगायचंय ते त्याच्यासमोरच सांगायचंय, म्हणून रोज जातात, मिठापर्यंत पोचतात, पुढचं वाक्य तोंडातून निघत नाही, कप अर्धा राहतो. दुसऱ्या दिवशी परत अकरा वाजता निघतात. ८६ व्या वर्षी एक माणूस एक वाक्य पूर्ण करायला रोज एवढं चालतो, आणि तुम्ही घरी त्याच्या कॉफीचे पैसे मोजता!

माझ्या मावशीला मी फार उशिरा विचारलं. तूर निवडत होती. ‘पोलीस ॲक्शननंतर काय झालं गं आपल्या गावात?’ म्हटलं, तर सुपातला हात थांबला. बराच वेळ एकच खडा चिमटीत धरून बसली. मग बोलली, सांजवात लावायची वेळ टळून गेली तरी बोलत होती. काय बोलली ते इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे. पण त्या रात्री ती पोटभर जेवली, एवढं मी पाहिलं.

तर उद्या अकराला तू आप्पांबरोबर जा. दोन कॉफी सांग, पैसे तू दे. मोबाईल घरी ठेव. त्यांना पहिल्यापासून सांगू दे, बैलगाडी, अळणी भाकरी, सगळं, आणि पाठ असल्याचा चेहरा करू नकोस. मिठापाशी आले आणि उठायला लागले, की हातावर हात ठेव आणि विचार, ‘आप्पा, चाचीचं पुढं काय झालं?’ त्यानंतर गप्प बस. डोळ्यांत पाणी आलं तर ‘जाऊ द्या आप्पा’ म्हणू नकोस. पोरगा तिथं असेल तर असू दे, त्याला आत पाठवू नकोस. त्या दिवशी नाही बोलले, तर परवा परत जा.

नवऱ्याच्या चिडचिडीवर माझ्याकडं औषध मागू नकोस. ते मीठ त्याच्या आजीच्या हातच्या भाकरीत पडलं होतं, तोही येऊ दे बरोबर.