तंबाखू सोडताय? सुरुवातीला एवढंच बघा
दादा, सोडायची इच्छा दोन दिवसांत विरते म्हणालात. माझंही चार वेळा तेच झालं. चारही वेळा मला पुडीवरच्या फोटोची भीती वाटली होती, आणि भीतीची सवय होते. पाचव्या वेळी धाकटी पापा घ्यायला आली आणि वासाने तोंड फिरवून निघून गेली. त्या दिवशी सोडली, त्याला आता नऊ वर्षं झाली. तुमचंही असं रोज समोर येणारं, अगदी जवळचं कारण शोधा. बायको म्हणते म्हणून सोडाल, तर भांडण झालं की पुन्हा मळाल.

मग एवढं करा:

- पुडी, चुन्याची डबी आजच घराबाहेर. 'अडीअडचणीला एक असू दे' इथेच बहुतेक जण घसरतात.
- तलफ आली की दहा मिनिटं काढा. बडीशेप, पाणी, एक फेरी. ती ओसरतेच.
- जेवणानंतर लगेच उठा.

पहिला आठवडा चिडचिड होईल, झोप उडेल. घरी आधीच सांगून ठेवा. एकदा खाल्लीत, तर 'गेलंच सगळं' म्हणून नवी पुडी घेऊ नका, त्याच संध्याकाळी पुन्हा सुरुवात करा. १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत लाइन आहे, लाजू नका. निकोटिन गम वगैरेचं नंतर बोलू.