1947 ला सरासरी आयुर्मान 32 होतं म्हणजे लोक तिशीतच म्हातारे होऊन मरायचे का?

नाही, तसं अजिबात नव्हतं, तेव्हाही सत्तरीचे आजी-आजोबा गावोगावी होते, सरासरी खाली ओढली ती लहानपणी गेलेल्या मुलांनी. सोपं गणित बघा, दहा बाळं जन्मली, त्यातली चार बाळं एक वर्षाची व्हायच्या आतच गेली आणि उरलेली सहा 55 पर्यंत जगली तर सरासरी येते साधारण 33, पण 33 व्या वर्षी मेलं कोणीच नाही! घरातल्या जुन्या माणसांना विचारा तुम्ही किती भावंडं, उत्तर येतं "आठ, त्यातली जगलो पाच", फार वाईट वाटतं ऐकून, पण तो 32 चा आकडा याच घरांमधून आलाय. सरकारच्या नमुना नोंदणीचे (निवडक गावं-वस्त्यांतले जन्म-मृत्यू मोजतात ती) आकडे आहेत, 1971 ला हजार जन्मांमागे 129 बाळं वर्षाच्या आत जायची, 2020 ला 28, आणि आयुर्मान 1970-75 च्या 49.7 वरून 2016-20 ला 70 वर आलं. लस, मीठ-साखरेचं पाणी, दवाखान्यातलं बाळंतपण, मोठा वाटा यांचा.

फक्त एक, सगळंच बाळांवर ढकलू नका, मलेरिया, टीबी आणि बाळंतपणात तरणीताठी माणसंही खूप जायची, आणि साठीच्या माणसाचं पुढचं आयुष्यही तेव्हापेक्षा वाढलंय, पण जन्मापासूनच्या आयुर्मानाइतकं नाही.