डोपामिन आनंदाचं रसायन, मग डोळ्यात त्याचं काय काम?

तुमचा प्रश्न: उजेडाशी जुळवून घेताना दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यात, डोपामिन नेमकं काय करतं? मी कोल्हापुरात बारावीला जीवशास्त्र शिकवते. हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय, म्हणून सविस्तर लिहिते.

भर दुपारी अंबाबाईचं दर्शन घेऊन महाद्वारातून बाहेर पडा. डोळे दिपतात, पण बघता बघता समोरच्या दुकानातल्या साडीचा काठही नीट दिसू लागतो. बाहुली बारीक होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिने प्रकाश फार तर 16 पट कमी होतो. ऊन आणि गाभारा यांतला फरक हजारो पटींचा. उरलेलं काम दृष्टिपटलातच होतं.

अंधारात तिथल्या पेशी जणू भिशी लावतात. शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गांतून त्या आपापले क्षीण संदेश एकत्र करतात. अंधुक दिसतं, तपशील जातो. उजेड पडला की मोजक्याच अमाक्राईन पेशी (दृष्टिपटलातल्या संदेशांवर नियंत्रण ठेवणाऱ्या मधल्या चेतापेशी) डोपामिन सोडतात. ते दूरवर झिरपतं आणि डी-1 ग्राहींमार्फत, म्हणजे पेशींवरच्या डोपामिन ओळखणाऱ्या रेणूंमार्फत, आडव्या पेशींमधले (शेजारच्या प्रकाशपेशींचे संदेश जोडणाऱ्या), तसेच एआयआय या प्रकारच्या अमाक्राईन पेशींमधले जोड सैल करतं. भिशी मोडते.

खरी गंमत पुढे आहे. मुलांना वाटतं, उजेड वाढला म्हणजे आतले ब्रेकही जोरात लागत असणार. तसं नाही. अमाक्राईन पेशी गाबा आणि ग्लायसिन ही संदेश दाबणारी रसायनं वापरून द्विध्रुवी पेशींना, म्हणजे प्रकाशपेशींचा संदेश पुढे नेणाऱ्या पेशींना, आवरतात. उंदरांच्या दृष्टिपटलावरच्या प्रयोगांत उजेडात हा आवर कमी झालेला आणि आक्रसलेला दिसला. ‘ऑफ’, म्हणजे उजेड कमी झाल्यावर जाग्या होणाऱ्या, द्विध्रुवी पेशींवरचा ग्लायसिनचा जोर ओसरतो आणि गाबाचा वाटा वाढतो. लांबच्या शेजाऱ्यांची ढवळाढवळ थांबल्यामुळे शंकुपेशींकडून, म्हणजे उजेडात काम करणाऱ्या प्रकाशपेशींकडून, आलेला बारीक तपशील पुढे पोचतो. अंधारात ठेवलेल्या दृष्टिपटलात डी-1 ग्राही औषधाने जागे केले, तरी यातले बरेच बदल घडतात. सगळे नाही, म्हणजे डोपामिन एकटंच कारभारी नाही.

माझ्या बाबांना पार्किन्सन आहे. या आजारात दृष्टिपटलातलं डोपामिनही घटतं आणि फिक्या-गडद छटांमधला फरक कळेनासा होतो. चष्म्याचा नंबर बरोबर असूनही आमच्या काळ्या दगडी पायऱ्यांवर ते अडखळायचे, आणि आम्ही त्यांनाच म्हणायचो, ‘बघून चाला ना!’ कारण कळल्यावर मी प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली. आता ते स्वतः उतरून खाली पेपर आणायला जातात.