“काय काढू?” असं विचारणारी मुलं

“आधी भिंतीसुद्धा सोडायचा नाही हो. आता कोरा कागद दिला की विचारतो, काय काढू?” हे मी माझ्याकडे मुलांना घेऊन येणाऱ्या इतक्या आयांकडून ऐकलंय की एकदा लिहायचंच ठरवलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

तिसरीतला मुलगा. कागद पुढे ठेवताच त्याने दोन डोंगर, मधे सूर्य, झोपडी, नदी काढली. पिढ्यान्‌पिढ्या वर्गात उतरवलं जाणारं निसर्गचित्र. सूर्य गोल होईना म्हणून खोडरबर इतका चालवला की कागदाला भोक पडलं.

“बरोबर आलंय का?” विचारलं मला, पण बघत होता आईकडे.

हळूहळू उलगडत गेलं. शाळेत फळ्यावरचं चित्र उतरवायचं. एकदा झाड जांभळं केलं तर लाल शेरा मिळालेला. घरी भिंतींना नुकताच रंग दिलेला. चित्र झालं की आई फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची, छान जमलं तर चॉकलेट. सगळं प्रेमापोटीच.

अशा वेळी मी लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा अमेरिकेतला प्रयोग सांगते. चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल, असं बालवाडीतल्या ज्या मुलांना आधीच कबूल केलं होतं, ती नंतर मोकळ्या वेळात रंग कमी हातात घेऊ लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही.

“महिनाभर ‘छान’सुद्धा म्हणू नका,” मी म्हटलं. “रद्दी कागद, खडू आणि एक कोपरा द्या. खोडरबर नको.”

“मग बोलू काय?”

“दिसतंय तेवढंच. ‘इथे खूप निळं आहे.’ बास.”

चौथ्या भेटीत त्याने कुकर काढला. शिट्टीतून वाफ, आणि वाफेत माणसं. आईचे ओठ हलले, पण तिने शब्द गिळला. त्या दहा मिनिटांत त्याने एकदाही मान वर केली नाही. मग आपणहून म्हणाला, “ही भातातली माणसं. शिट्टी झाली की बाहेर पडतात.”

“कुठे जातात?” आईने विचारलं.

“ते अजून ठरायचंय.”

मला हवं होतं ते हेच. ठरवणारा तो होता.

महागडं साहित्य लागतं, असं पालकांना वाटतं. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला परिसरातल्याच वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं, हे मी आवर्जून सांगते. मुलाला लागते ती न तपासली जाणारी जागा. शाळेतल्या बाईंशीही बोलले. आठवड्यातून एक तास फळा कोरा ठेवायला त्या आनंदाने तयार झाल्या.

“आणि भिंतीचं काय?” शेवटच्या भेटीत आईने विचारलं. दाराची मागची बाजू त्याला द्यायचं ठरलं. मुलाने तिथल्या तिथे विचारलं, “पूर्ण? वरपर्यंत?”

आई म्हणाली, “हात पोचेल तिथपर्यंत.”

“मग स्टूल लागेल.”